पंख फुटले म्हणून घर सुटत नाही

‘पंख फुटले की पाखराचं आईबापाशी नातं संपलं’ हे पाखरांवरच्या लेखातलं वाक्य चिमणीलाही नीट लागू पडत नाही. घरट्याबाहेर आलेलं पिल्लू आणखी काही दिवस चोच वासून मागतच असतं. सारसाच्या बाबतीत तर ते साफ चूक आहे. आमच्या गोंदियाकडे या, दाखवतो. पावसाळ्यात धानाच्या बांधीत (म्हणजे भाताच्या खाचरात) नाहीतर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला घरटं, बहुतेक दोन अंडी. पिल्लू उडायला लागतं साधारण तीन महिन्यांनी, पण मुक्काम आईबापाजवळच, पार पुढच्या विणीपर्यंत. धान कापल्यावर रिकाम्या बांधीत तिघं चरताना दिसतात: दोघांची डोकी लाल, तिसऱ्याचं बदामी, अन् उंचीला जवळजवळ बापाएवढं. जोडी माना वर करून ओरडली की याचा आपला शीळ घातल्यासारखा बारीक आवाज! नवं घरटं करायची वेळ आली की मग आईबापच त्याला हाकलतात.

आणि त्या लेखात सातभाई पक्ष्यांचा उल्लेखच नाही, हे काही बरोबर नाही बुवा. त्यांच्यातली मोठी झालेली पोरं थव्यातच राहून पुढच्या पिल्लांना किडे आणून भरवतात. गोठ्यामागच्या बोरीखाली रोजचं आहे हे.