कलेच्या वीकेंडहून सुखरूप परत कसं यावं

शहरात कलेचा वीकेंड भरला की सुजाण नागरिकाची पंचाईत होते. जावं तर लागतंच, कारण सोमवारी कुणीतरी ‘गेला होतात की नाही?’ असं विचारणारच. आणि गेलं तर तिथे कला असते. दालनात असते, जिन्यात असते, रस्त्याच्या मधोमध असते. बरीचशी फुकटही असते, त्यामुळे महागाईच्या नावानं बोटं मोडत घरी बसायची सोय नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की दोन दिवस कलेच्या गराड्यात फिरून, तिचा वाराही अंगाला लागू न देता, धडधाकट घरी कसं परतायचं. जमतं ते. जमवून दाखवलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत.

सुरुवात कार्यक्रमपत्रिकेपासून करा. पत्रिका हाती आली की दिसेल त्या कार्यक्रमावर खूण करत सुटा. शनिवारी अकराला छापचित्रांचं प्रदर्शन, अकरालाच मूकनाट्य, सव्वाअकराला पार दुसऱ्या टोकाला वारसाफेरी. सगळं हवंच. यातलं काही सोडायचं नाही आणि कशालाही शेवटपर्यंत थांबायचं नाही. मूकनाट्य चालू असताना जीव वारसाफेरीत अडकलेला असावा, आणि वारसाफेरीत छापचित्रांत. अशा माणसाचं कुठलीच कला काही वाकडं करू शकत नाही.

मोफत कार्यशाळांची नोंदणी उघडल्या उघडल्या करून टाका. जायचं की नाही ते मागाहून बघू. वीस जागा असतील तर त्यातली एक आपली असलीच पाहिजे. ती रिकामी राहिली तरी आपल्याच नावानं रिकामी राहते, हे समाधान काही थोडं नाही. प्रतीक्षायादीतला कुणी हौशी दाराशी उभा राहून आत डोकावत असेल, तर त्याच्या कलाप्रेमाची तेवढीच परीक्षा.

आता प्रदर्शन. दालनात शिरताच थेट चित्राकडे बघायची चूक नवखे करतात. अनुभवी माणूस आधी चित्राशेजारची पट्टी वाचतो. नाव, साल, ‘मिश्र माध्यम’, आणि खाली क्युरेटरनं, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी करणाऱ्यानं, लिहिलेला परिच्छेद, ज्यात ‘अवकाश’ हा शब्द किमान दोनदा येतो. एवढं वाचून होईपर्यंत मागून कुणीतरी ढकलतं, आणि चित्राकडे बघायची वेळच येत नाही. पट्टीवर ‘शीर्षकहीन’ असं असेल तर त्या चित्रकाराला मनापासून दुवा द्या. तुमचं निम्मं काम त्यानंच केलंय.

चित्रासमोर नेमकं किती थांबायचं, याबाबत मनात अपराधी भाव नको. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एकेका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात हे संशोधकांनी मोजलं होतं. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी आली २७ सेकंद, तीही मोजक्या चिवट मंडळींनी वर ओढलेली. मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या आतच आटोपतात तो आकडा, काढला तर जेमतेम १७, आणि त्यात पट्टी वाचणंही आलं. पुढे शिकागोत पुन्हा मोजणी झाली तेव्हाही सरासरी २९ सेकंदांच्या आतच राहिली. म्हणजे चित्रकार सहा महिने रंगवतो आणि जग त्याला अर्धा मिनिट देतं. तुम्ही वीस सेकंद दिलेत तरी तुमचं वागणं जगरहाटीला धरूनच आहे.

तरी कधीकधी एखादं चित्र डोळ्यांत घुसायला बघतंच. त्यावर रामबाण उपाय खिशात आहे. फोन काढा. हा नुसता माझा सल्ला नाही, त्याला शास्त्राधार आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही वस्तू नुसत्या बघायला लावल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे मुलांना कमी आठवले, नुसत्या बघितलेल्या जास्त. २०१४ साली हा अभ्यास छापून आला. फक्त एक पथ्य पाळा. झूम करून एखाद्या भागाचा फोटो काढणाऱ्यांची आठवण मात्र शाबूत राहिली होती. तेव्हा झूम अजिबात नको. अख्खी भिंत एका फटक्यात टिपा आणि पुढच्या खोलीत चालू लागा. फोटोत स्वतः असलात तर दुधात साखर, कारण मग घरी गेल्यावरही चित्राकडे बघायचा प्रश्न येत नाही. केस नीट आले आहेत का, एवढंच बघायचं.

आधुनिक कलेच्या दालनात आणखी एक भानगड असते: यातलं कलेचं काय आणि दालनाचं काय? खुर्ची दिसली म्हणून बसायचं नाही, बादली दिसली म्हणून ओलांडायची नाही. यात भल्याभल्यांची फसगत झाली आहे. २०११ साली जर्मनीत डॉर्टमुंडच्या संग्रहालयात एका सफाई कामगार बाईंनी एका शिल्पाखालच्या पसरट भांड्यातला पांढरट डाग घासून घासून लख्ख केला. तो डाग जर्मन कलावंत मार्टिन किपेनबर्गर यांनी मुद्दाम रंगवलेला होता, आणि शिल्पाचा विमा होता आठ लाख युरोंचा. २०१५ साली इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या, सिगरेटची थोटकं आणि रंगीत कागदांचे कपटे पसरलेले बघून सफाईवाल्यांनी सगळं गोळा करून पिशव्यांत भरलं. आदल्या रात्रीची पार्टी वाटली त्यांना. तीच कलाकृती होती. माझं प्रांजळ मत विचाराल तर त्या दोन दालनांत कलेकडे निरखून बघितलेली माणसं तीच. पण असली मतं चारचौघांत बोलायची नसतात.

उलटंही होतं. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात दोन पोरांनी गंमत म्हणून भिंतीलगत जमिनीवर एक चष्मा ठेवला. थोड्याच वेळात लोक त्याच्याभोवती जमले. एक जण तर फोटो काढायला ओणवा झाला. म्हणून कशालाही हसायचं नाही आणि कशाचंही कौतुक करायचं नाही. मान किंचित तिरकी, हात पाठीमागे, तोंडानं ‘हं’. हा ‘हं’ अग्निशामक नळकांड्यापुढेही चालतो. आणि कलाकृती म्हणून टेपनं भिंतीला चिकटवलेल्या त्या केळ्याचा दाखला कुठे देऊ नका, तो आता जुना झाला.

आत शिरायच्या कलाकृतींपासून मात्र लांब राहिलेलं बरं. २०१८ साली पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या एका संग्रहालयात शिल्पकार अनिश कपूर यांनी जमिनीत केलेला अडीच मीटर खोल खड्डा होता. आतून असा काळाकुट्ट रंगवलेला, की तो खड्डा आहे की जमिनीवर रंगवलेलं काळं वर्तुळ, हे कळू नये. इशाऱ्याच्या पाट्या होत्या, रखवालदार होता. तरी एक गृहस्थ पडलेच, आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. कलेत इतकं खोल जाण्याचं काही कारण नव्हतं.

इथवर सगळं सोपं होतं. चित्र खिळ्याला टांगलेलं असतं, ते काही अंगावर येत नाही. नट येतो. पत्रिकेत ‘प्रेक्षकांच्या सहभागासह’ अशी अक्षरं दिसली की समजावं, हे लोक आपल्याला स्वस्थ बसू देणार नाहीत. जाणं अगदीच टळत नसेल तर जागा विचार करून निवडा. पहिली रांग नकोच. शेवटचीही नको, कारण तिथे दडलेली माणसं हुडकून काढण्यात या मंडळींना विशेष आनंद वाटतो. मधली रांग, उंच माणसाची पाठ, आणि असल्यास खांब. खुर्च्याच मांडलेल्या नसतील आणि सगळ्यांना उभं केलं असेल, तर खुशाल समजा की तुम्हाला चालवणार, वळवणार, डोळे मिटायला लावणार.

समजा, तरीही एक मुलगी लाल दोऱ्याचा गुंडा घेऊन गर्दीतून तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. दोऱ्याचं टोक पुढे करते. काही बोलत नाही. चार-पाच सेकंद जातात, आजूबाजूचे बघायला लागतात, तिचा हात तसाच पुढे. तिच्या बोटाला दोऱ्याचा रंग लागलेला तुम्हाला दिसतो. हा क्षण फार नाजूक आहे. इथे भले भले टोक धरून बसतात आणि पुढचा पाऊण तास अनोळखी माणसांशी दोऱ्यानं बांधलेले राहतात. तुम्ही हसा. एका हातात फोन आणि दुसऱ्यात महोत्सवाची कापडी पिशवी असतेच. ती पिशवी वाटतात तरी कशाला? ‘अहो, हात रिकामा नाही ना,’ असं म्हणा, आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवा: ‘यांना द्या, यांना नाटकाची फार आवड.’ तो धरतो. धरणारा एक तरी असतोच, त्याच्याच जिवावर हे प्रयोग चालतात.

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांनी तर प्रेक्षक ही जमातच मोडीत काढायचा घाट घातला होता. त्यांच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवतात. मग तोच पुन्हा सुरू करतात, आणि यावेळी प्रेक्षकानं ‘थांबा’ म्हणायचं, उठायचं, दबलेल्या पात्राच्या जागी उभं राहून आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. या सापळ्यात पाऊल टाकू नका. काय करायला हवं होतं, हे खुर्चीत बसून आपल्याला लख्ख कळतं. ते तिथूनच, शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत आवाजात सांगावं: ‘त्या बाईनं तेव्हाच ठणकावायला हवं होतं.’ उठून गेलात तर साहेब झालेला नट तुमच्यावर खरोखर खेकसतो, आणि तुम्ही तोंड उघडता तर आतून काहीच येत नाही. रोज ऑफिसात येत नाही, तसंच.

आणि ज्यांना सहभागाची फारच खुमखुमी आहे त्यांच्यासाठी १९७४ सालची नेपल्सची हकीकत. स्वतःचं शरीर हेच माध्यम मानणारी कलावंत मरिना अब्रामोविच सहा तास एका जागी उभी राहिली. टेबलावर ७२ वस्तू मांडल्या होत्या: गुलाब होता, पीस होतं, मध होता, कात्री होती, पिस्तूल आणि एक गोळीही होती. यातलं हवं ते घ्या आणि माझ्यावर हवं तसं वापरा, अशी लेखी सूचना होती. सुरुवातीला लोक बुजले होते. मग कुणी तिचे कपडे कापले, कुणी कातडीवर पातं ओढलं, कुणी पिस्तूल तिच्यावर रोखलं. सहा तास संपले आणि ती हलली, लोकांच्या दिशेनं चालू लागली, तेव्हा मंडळींनी पळ काढला. कला बघायला आलेली मंडळी होती ती. तेव्हा सहभागी व्हायचंच असेल तर बाहेरचा दरवाजा कुठे आहे ते आधी बघून ठेवावं.

कार्यशाळांचं त्या मानानं बरं असतं, फक्त मातीकामाची टाळा. फिरत्या चाकावर गोळा मधोमध बसवण्यातच निम्मा वेळ जातो. हात जरा ढिला पडला की गोळा लडबडतो, जरा जास्त दाबला की भिंत एका बाजूला झुकते, आणि शिकवणारी बाई शांतपणे म्हणते, ‘परत करू या.’ आपल्या हाताला काहीही येत नाही हे इतक्या उघडपणे दुसरी कुठलीच कला सांगत नाही. शिवाय जे काही वेडंवाकडं बनतं ते त्या दिवशी घरी नेता येत नाही. आठवडाभर हळूहळू वाळवायचं, मग भट्टीत जवळपास हजार अंशांवर भाजायचं. कच्चं नेऊन पाणी भरलंत तर पुन्हा चिखल. दोन तासांत ‘कलाकार बना’ असं लिहिलेलं असतं, आणि माती आठ दिवस मागते. त्यापेक्षा छापील बाह्यरेषांत रंग भरायचं टेबल असतं, तिथे जा. लहान मुलांसाठी असतं, पण कुणी उठवत नाही.

कलावंत समोर आलाच तर प्रश्न ठरलेले ठेवा. ‘याला किती वेळ लागला?’ हा पहिला. ‘यातून तुम्हाला काय सांगायचंय?’ हा दुसरा, पण उत्तर सुरू होताच मागे वळून कुणाला तरी हात करायचा. तिसरा जरा जपून, आपुलकीनं विचारायचा: ‘पण पोटापाण्याचं काय करता?’ मानधनाचा विषय निघालाच तर आयोजकांच्या सुरात सूर मिसळून सांगा, की एवढं मोठं व्यासपीठ मिळतंय हे काय कमी आहे! मंडपवाल्याला, दिवेवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला व्यासपीठावर भागत नाही, त्यांना पैसे द्यावे लागतात. कलावंताचं भागतं, अशी एक समजूत आहे, आणि ती टिकवणं आपल्याच हाती आहे.

निघताना दाराशी अभिप्रायवही असते, पेन दोऱ्यानं बांधलेलं. आधीच्या पानांवरून नजर फिरवा: ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘स्तुत्य उपक्रम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. मध्येच कुणीतरी अर्धं पान भरून एकाच चित्राबद्दल लिहिलेलं असेल, खाडाखोड करून, ओळी वरखाली गेलेल्या. ते वाचायला लागू नका. कुठलं चित्र म्हणतोय हा, असं मनात आलं की पाय परत आत वळतात, आणि दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाते. सरळ नवीन पान काढा, ‘खूप छान’ लिहा, खाली भलीथोरली सही ठोका. ‘सूचना’ असा रकाना असेल तर तो कोरा सोडू नका. तिथे पार्किंगबद्दल लिहायचं.