तुमच्याकडे असेल

शाळेच्या ग्रुपवर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो व्हिडिओ आला. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरून रात्री काढलेला. लांबच्या डोंगरावर केशरी रेघ सरकतेय आणि काढणारा नुसता "अरे बापरे, अरे बापरे" करतोय. खाली नेहमीचं सुरू झालं. काडी लावणाऱ्याचे हात तोडा, हे गुराखीच करतात, हे मोहवाले करतात. मग एका शहाण्या मित्राने लिहिलं, की वनखात्याने दिवाळीनंतर लगेच जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायला हव्या होत्या, वाळलेली घाणेरी तोडायला हवी होती. त्यावर दुसऱ्याचं उत्तर आलं, "म्हणजे झाडं तोडून जंगल वाचवायचं? वा रे वा!" त्याला चौदा हसरे चेहरे.

मी तेव्हा कॅलिफोर्नियात, पोलक पाइन्सच्या पुढे, ट्रकच्या टेलगेटवर बसून बरिटो खात होतो. इकडे सकाळचे साडेनऊ. पायांवरच्या जाड चॅप्सवर भुसा, कानात अजून करवतीची घरघर. सहा वाजल्यापासून पाडलेली झाडं मोजली नव्हती, पण तीस-चाळीस नक्की. पोटरीएवढी, मांडीएवढी, बहुतेक व्हाइट फर जातीची. ते चौदा चेहरे मला उद्देशून नव्हते. तरी लागले.

कारण मी याच कामाचा पगार घेतो. आठ वर्षं सॅक्रामेंटोत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, नोकरी गेली, आणि तीन वर्षांपूर्वी जंगल विरळ करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या टोळीत शिरलो. पंचेचाळीस पौंडांचं ओझं घेऊन तीन मैल पंचेचाळीस मिनिटांत चालायची परीक्षा असते. पळायचं नाही, चालायचंच. मी ती पहिल्या फटक्यात पास झालो आणि श्रेय सप्तशृंगीच्या पायऱ्यांना दिलं. टोळीत बाकी सगळे मेक्सिकोतल्या मिचोआकानचे आणि ग्वाटेमालाकडचे, करवत हाताळण्यात माझे बाप. आई नातेवाइकांना सांगते, "तो पर्यावरणात आहे." ते खोटं नाही, पण त्या वाक्यात करवत कुठेच नसते.

तर, झाडं तोडून जंगल वाचवायचं का? हो रे बाबा, हो. १९१० साली इकडे आयडाहो-मोंटाना बाजूला तीस लाख एकर जंगल जळालं. त्याची धास्ती इतकी बसली, की १९३५ मध्ये वनखात्याने नियमच केला: आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात यायलाच हवी. ऐकायला छान वाटतं. पण आमच्या सिएरा डोंगररांगेतला पाँडेरोसा पाइन जाड सालीचा. पूर्वी पाच-पंधरा वर्षांनी जमिनीलगतची आग यायची, पालापाचोळा नि रोपटी चाटून जायची, मोठं झाड जिवंत राहायचं. ती आग शतकभर बंद केली आणि खाली गर्दी माजली. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात त्या तहानलेल्या गर्दीला साल पोखरणारे भुंगेरे लागले. २०१७ च्या अखेरीस एकट्या कॅलिफोर्नियात मेलेल्या झाडांचा अंदाज १२ कोटी ९० लाखांवर गेला होता. आता गवत पेटलं की आग झुडपावर, झुडपावरून फरवर, फरवरून पाइनच्या शेंड्यावर. आम्ही तिला शिडी म्हणतो आणि दिवसभर तिच्या पायऱ्या काढतो.

आमच्या साइटपासून थोड्या अंतरावर ग्रिझली फ्लॅट्स नावाचं गाव होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलडोर आगीने ते जवळजवळ पुसून टाकलं. गावाभोवतीचं जंगल विरळ करायची योजना कागदावर होती, बरीच वर्षं होती, आग आली तेव्हा त्यातलं थोडंच काम झालं होतं. बैठका, हरकती, पैसे, माणसं. ही यादी वाचताना मला नाशिक आठवलं. मात्र ग्रुपवर लिहिताना याबद्दल मी फक्त "इकडे असं काम शास्त्रशुद्ध होतं" एवढंच लिहिलं. हर्मिट्स पीकबद्दल तर अवाक्षर काढलं नाही. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत वनखात्यानेच मुद्दाम लावलेली आग हातातून सुटली, हिवाळ्यात जाळलेल्या, तोडलेल्या फांद्यांच्या ढिगातली धग एप्रिलमध्ये उठली, दोन्ही एक झाल्या आणि त्या राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा झाला. लोकांची घरं गेली. हे चौदा हसऱ्या चेहऱ्यांच्या हातात कोण देईल?

आणि आणखी एक गोष्ट लिहिली नाही. आम्ही जळण तासांत मोजतो. पाव इंचापेक्षा बारीक काडी नि गवत म्हणजे एक तासाचं, इंचापर्यंतचं दहा तासांचं, तीन इंचांपर्यंतचं शंभराचं, त्यापुढचे ओंडके हजार तासांचे. हवा कोरडी झाली की ते किती वेळात सुकतं, त्याचा हा हिशेब. नाशिकभोवतीचे उघडे डोंगर या हिशेबात जवळजवळ पूर्ण एक तासाचे. पहाटे दव पडलेलं कुसळी गवत अकरापर्यंत फटाक्याच्या वातीसारखं होतं. तिथे शिडी नाही, शेंडे नाहीत, वाचवायला शंभर वर्षांचे पाइन नाहीत. आहेत ती जुलैत फोटो काढून लावलेली गुडघाभर रोपं, आणि दरवर्षी तीच आधी जातात. म्हणजे माझी करवत तिथे फारशी कामाची नाही. तिथे लागतो विळा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, उन्हात, फोटोशिवाय. मित्राने जाळरेषेचं लिहिलं तेच बरोबर होतं, त्याला अमेरिकेची गरजच नव्हती.

मग मला एवढा राग कशाचा आला?

माझं आजोळ घोटीच्या पलीकडे. मे महिन्यात मामा राब भाजायचे. फांद्या, शेण, पालापाचोळा, गवत असे थर, वरून बारीक माती. वारा पडायची वाट बघायची, आणि काडी लावायची ती वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग धावत नाही, बसून खाते. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, पहिल्या पावसात त्या राखेत भाताचं बी पडतं, मग आवणी. धुराने माझे डोळे चुरचुरायचे आणि मी आजीजवळ पळायचो. पुढे कॉलेजात मी निबंध लिहिला, विषय "राब : पर्यावरणाचा शत्रू". दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र मामांना दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं आहे हो अक्षर."

दोन वर्षांपूर्वी क्लॅमथ नदीकाठी एका प्रशिक्षणाला गेलो. शिकवणाऱ्या बाई तिथल्या करुक या आदिवासी जमातीच्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्याकडे हेझलची झुडपं मुद्दाम जाळतात, म्हणजे पुढे सरळ, लवचीक फुटवे येतात आणि टोपल्या विणता येतात. ही जाळणी कॅलिफोर्नियाच्या १८५० सालच्या कायद्याने गुन्हा ठरवली होती. पुढे वनखात्याचे लोक तिला हिणवायला 'पायूट फॉरेस्ट्री', म्हणजे पायूट आदिवासींचं वनशास्त्र, म्हणायचे. आणि आता आम्ही नाव नोंदवून, आगीवर काम करायच्या पात्रतेचं रेड कार्ड खिशात घालून त्यांच्यापुढे वही उघडून बसलो होतो. बाई म्हणाल्या, वाऱ्याच्या उलट लावा, ती बसून खाईल. शब्द इंग्रजी होते, पण मला मामाच ऐकू आले. हातातली आग लावायची ड्रिप टॉर्च (तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल) मी खाली ठेवली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने ट्रकमागे गेलो.

राबाचं भांडणही जुनंच. ठाणे-कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या लोकांच्या जंगलाबद्दलच्या तक्रारी ऐकायला १८८५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला होता, त्यात राबासाठी फांद्या तोडण्याचा प्रश्न होता. पुढे १९२७ च्या वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा. राब शेतात आणि वणवा डोंगरावर, दोन्ही एक नाही, हे मला कळतं. मोहाची फुलं वेचायला खालचं गवत जाळून झाड साफ करणारा माणूस कधीकधी अख्खा डोंगर घालवतो, हेही खरं. पण त्याला वारा कळतो. तो आणि विळावाली बाई यांना मजुरी देऊन डिसेंबरात कामाला लावायचं, की मार्चमध्ये त्यांचे हात तोडायचे?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. हर्मिट्स पीक, तासांचा हिशेब, निबंध आणि ट्रकमागचा भाग वगळून. मोठा मजकूर झाला. आणि मी हे काम सातपूरच्या घरी राहून कधी केलं असतं का? कोयता घेऊन डोंगरावर चढलो असतो? वडील कारखान्यात, आम्ही शिकलेले, ते काम दुसऱ्यांचं. इकडे तेच काम करतो, तर हेल्मेटवर नाव आहे, डेंटल विमा आहे, आणि ट्रकला टेकून काढलेला फोटो मी स्वतःच ग्रुपवर टाकतो. मामांचा राबाजवळचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

त्या मजकुरात मी नऊ वेळा "आपल्याकडे" लिहिलं होतं. आपल्याकडे असं, आपल्याकडे तसं. नंतर वाचलं तेव्हा दिसलं, की त्यातलं अर्धं नाशिक होतं नि अर्धं इकडची एल डोराडो काउंटी, आणि कुठलं कुठे, हे मलाच दोनदा तपासावं लागलं.

रात्री उत्तर आलं. वा रे वा लिहिणाऱ्याचंच.

"तुमच्याकडे असेल. बाकी थंडी काय म्हणते?"

शाळेत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. हे "तुमच्याकडे" एकट्या मला होतं, की मी आणि माझी नवी माणसं मिळून, ते कळेना. खाली हसरा चेहरा होता, एकच. मी लिहिलं, की ढिगांवर अजून बर्फ आहे, पुढच्या आठवड्यात जाळायला परवानगी मिळेल बहुतेक.

मग जाळरेषावाल्या मित्राचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. डिसेंबरात तो चौघापाचांना घेऊन म्हसरूळच्या बाजूला गवत कापायला जाणार आहे. येतोस का? मी तिकिटांचे दर बघितले. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे ढीग जाळायचे दिवस. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.