‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तेव्हा

नमस्कार. देवनागरी डोमेन नावांवरच्या (वेबसाइटच्या पत्त्यांवरच्या) माझ्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचा मुख्य आक्षेप असा, की पुनीकोड (इतर लिप्यांतली नावं रोमन अक्षरं, अंक आणि हायफनांत लिहिण्याची पद्धत) हे ठिगळ आहे आणि डोमेन नावांत सरळ यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) वापरलं असतं तर देवनागरीच्या जागी ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य अक्षरं आली नसती.

ठिगळ आहे, मान्य. डीएनएसला, म्हणजे डोमेन नावावरून संगणकाचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेला, स्वतःला कुठल्याच बाइटचं वावडं नाही. १९९७ च्या आरएफसी २१८१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तसं स्पष्ट म्हटलंय. पण होस्टनेम (संगणकाचं नाव) म्हणजे रोमन अक्षरं, अंक आणि हायफन, हे गृहीत धरून लिहिलेली मेलची आणि इतर असंख्य सॉफ्टवेअर्स वापरात होती. ती एकदम बदलणं शक्य नव्हतं, म्हणून २००३ मध्ये रूपांतराचं काम ब्राउझरसारख्या प्रोग्रामांकडे दिलं गेलं. जागाही वाया जात नाही: ‘भारत’ला यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट लागतात, पुनीकोडमध्ये ‘एक्सएन’ आणि दोन हायफन धरून ११.

मला खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती यूटीएफ-८ नेही मिटली नसती. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. २००३ च्या नियमांत हा जोडक गुपचूप गाळला जाई. मग दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’ व्हायचा, म्हणजे शब्दच बदलायचा! २०१० च्या नियमांनी हलन्तानंतर जोडक चालवून घेतला. त्यामुळे शब्द वाचला, पण हुबेहूब दिसणारी दोन नावं उरली. र खाली सुटा नुक्ता दिला तर युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदींचं एक रूप करण्याची प्रक्रिया) त्याचा ऱ करतं. जोडकाच्या बाबतीत तसं होत नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ‘ब्राउझर नेहमी मूळ लिपीच दाखवतो’ हे माझं वाक्य चूक होतं. २०१७ मध्ये सिरिलिक अक्षरांनी ‘ॲपल’सारखं दिसणारं डोमेन करून दाखवलं गेलं, अशी फसवणूक टाळायला ब्राउझर काही वेळा मुद्दाम कोडच दाखवतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

‘दऱ्या’चं उत्तर डोमेन नावांची नोंदणी करून देणाऱ्या संस्थांच्या हाती आहे: एक रूप कुणी घेतलं की दुसरं इतर कुणालाही मिळता कामा नये.