‘वीज सगळीकडे सारखीच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

भाच्याने परवा एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, “मामा, पैसे भरू का?” तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. मेसेज बराच फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय ते असं: इलेक्ट्रिशियनचं शिक्षण झालेल्या कुणालाही परदेशात, अगदी ऑस्ट्रेलियापासून सगळीकडे, हमखास काम आहे. वीज सगळीकडे सारखीच असते, म्हणून तुमचं प्रमाणपत्र जगभर चालतं. टुरिस्ट व्हिसावर जा, काम मिळालं की तिथल्या तिथे व्हिसा बदलून मिळतो. भाषा आली नाही तरी चालतं. बाकीचं सगळं एजंट बघतो, जागा थोड्या आहेत, आजच पैसे भरा.

माझं सगळं आयुष्य याच धंद्यात गेलं, त्यातली काही वर्षं परदेशातल्या साइटवर. त्यामुळे हे वाचून नुसतं हसून सोडून देता येत नाही. पोरं हे खरं मानून कर्ज काढतात.

सगळ्यात आधी ते ‘वीज सगळीकडे सारखीच’. ओहमचा नियम सगळीकडे सारखा, कबूल. पण आपण काम ओहमच्या नियमावर करत नाही, भिंतीतल्या वायरिंगवर करतो, आणि ते कसं करायचं हे प्रत्येक देशाने आपापलं ठरवलेलं आहे.

साधी काळी वायर घ्या. ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे तीन फेज (वीज आणणाऱ्या वायरी) आणि काळा न्यूट्रल (परतीची वायर). ही पद्धत अनेक देशांत पसरली आणि कितीतरी जण याच रंगांवर शिकून तयार झाले. पुढे २००४ मध्ये ब्रिटनने बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकात बदल करून युरोपशी जुळणारे रंग घेतले, आणि १ एप्रिल २००६ पासून नव्या कामात जुने रंग बंद झाले. आता तपकिरी, काळा, राखाडी हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे काळा आणि निळा यांची चक्क अदलाबदल झाली. अमेरिकेत काळा फेज आणि पांढरा न्यूट्रल. ऑस्ट्रेलियाच्या पक्क्या वायरिंगमध्ये मात्र काळा आजही न्यूट्रल म्हणून सापडतो. ब्रिटनमध्ये ज्या इमारतीत जुन्या-नव्या दोन्ही रंगांचं वायरिंग आहे, तिथे डीबीवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या बोर्डावर, तशा इशाऱ्याचं लेबल लावायला त्या मानकानेच सांगितलं. लेबल लावण्याची वेळ का आली, याचा विचार हा मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी करायला हवा होता.

“टेस्टर लावून बघेन की,” असं भाचा म्हणाला. टेस्टर चालू वायरला उपयोगी. सप्लाय बंद करून जोडणी करताना सगळ्या वायरी मेलेल्याच असतात, तिथे हात रंग बघून चालतो, तोही वर्षानुवर्षांच्या सवयीने. थ्री फेज बोर्डाला सप्लाय देताना एक फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर स्विच वर केल्या क्षणी २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्ट येतात. त्या बोर्डावरची निम्म्याहून जास्त उपकरणं जळतात, आणि ती हाताळणाऱ्या माणसाचं काय होईल ते नशिबावर.

रंग एक वेळ पाठ करता येतील, सर्किटची रचना तशी करता येत नाही. ब्रिटनमध्ये सॉकेटचं सर्किट पुष्कळदा रिंग असतं: केबल एमसीबीवरून (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवरून) निघते, सगळ्या सॉकेटमधून फिरते आणि परत त्याच एमसीबीवर येते. २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलवर ३२ अँपिअरची एमसीबी चालते ती करंट दोन्ही बाजूंनी वाटला जातो म्हणून. आता एखादा सॉकेट बदलताना मागे एक वायर सुटी राहिली, तर काय दिसतं? काहीच नाही. सगळे सॉकेट चालू, मालक खूश. पण सगळा भार एकाच बाजूने येतो, केबल तापत राहते आणि ३२ ची एमसीबी तो भार निमूट चालू देते. रिंगची कंटिन्युइटी, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही ना, हे टोकापासून टोकापर्यंत मोजलं तरच ते पकडता येतं. ज्याने रिंग कधी पाहिलीच नाही, तो ते मोजणार तरी कसा?

अर्थिंगचंही तेच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ मेन स्विचबोर्डात एकमेकांना मुद्दाम जोडलेले असतात. टीटी नावाच्या अर्थिंगच्या पद्धतीत ग्राहकाचा अर्थ रॉड वेगळा, आणि तिथे हीच जोडणी केली तर ती चूक. एकीकडे जी जोडणी नसली तर धोका, तीच दुसरीकडे असली तर धोका. जपानमध्ये तर घरात १०० व्होल्ट, पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. एकाच देशात सारखी नाही, तर जगभर सारखी कुठून असणार?

यातलं काहीही शिकायला अशक्य नाही. चांगला वायरमन सहा महिन्यांत यात तरबेज होतो. पण शिकावं लागतं, आणि शिकलात हे तिथल्या यंत्रणेला दाखवावं लागतं. म्हणूनच ‘प्रमाणपत्र जगभर चालतं’ हा दुसरा दावाही खोटा आहे.

ऑस्ट्रेलियाचंच बघा, कारण मेसेजमध्ये पहिलं नाव त्याच देशाचं आहे. तिथे बाहेरून आलेल्या कारागिरांची पात्रता ‘ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया’ ही सरकारी यंत्रणा तपासते. आधी कागदपत्रं, मग तांत्रिक मुलाखत किंवा प्रत्यक्ष कामाची परीक्षा. यात पास झालात की हातात पडतो तो ‘ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड’. तो परवाना नाही. त्यावर ज्या राज्यात राहणार तिथे तात्पुरत्या परवान्यासाठी अर्ज करायचा, तिथल्या नियमांचं राहिलेलं प्रशिक्षण घ्यायचं आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली वर्षभर काम करायचं. त्यानंतर पूर्ण परवाना. हे सगळं त्यांच्या सरकारने उघडपणे लिहून ठेवलंय, कुणीही वाचू शकतं. मेसेजमध्ये त्यातली एक ओळ नाही.

बाकीचे देश भराभर सांगतो. न्यूझीलंडमध्ये इलेक्ट्रिकल वर्कर्स रजिस्ट्रेशन बोर्डाकडे नोंदणी आणि कामाचा चालू परवाना, दोन्ही लागतात. कॅनडात प्रांतागणिक नियम वेगळे. ओंटारिओत बांधकाम आणि देखभालीच्या कामाच्या इलेक्ट्रिशियनची उमेदवारी ९,००० तासांची आहे, बाहेरून येणाऱ्याला त्या तोडीचा अनुभव कागदावर दाखवून परीक्षा द्यावी लागते आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. जर्मनीत या कामाचं शिक्षणच साडेतीन वर्षांचं, आणि तुमचं शिक्षण त्याच्याशी ताडून बघतात. ब्रिटनमध्ये माणसाला सरकारी परवाना लागत नाही, एवढं मेसेजवाल्याच्या बाजूने म्हणता येईल. पण मोठ्या साइटच्या गेटवर ईसीएस कार्ड (इलेक्ट्रिशियनचं ओळख आणि पात्रतेचं कार्ड) विचारतात आणि ते पात्रता दाखवल्याशिवाय मिळत नाही.

आता टुरिस्ट व्हिसाचा सल्ला. हा मुद्दा वाचून माझा राग खरोखर अनावर झाला. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहून कामाच्या व्हिसावर बदलता येत नाही, बाहेर जाऊनच अर्ज करावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसावर ‘काम करायचं नाही’ ही अट असतेच. जर्मनीतही पर्यटकाला काम करता येत नाही. असा माणूस साइटवर उभा राहिला की तो मालकाच्या मुठीत जातो. पगार बुडवला तर तक्रार कुणाकडे करणार? शिडीवरून पडला तर दवाखान्यात जायलाही घाबरणार. सापडला तर परत पाठवणी, आणि पुढे खऱ्या व्हिसासाठी अर्ज करताना ती नोंद आडवी येणार. ज्या पोराला दोन वर्षांत रीतसर जाता आलं असतं, त्याचा रस्ता असा कायमचा बंद होऊ शकतो.

यात अर्धसत्य कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर कुणीतरी तेच घेऊन वाद घालेल. काम शोधायला म्हणून रीतसर जाता येईल असा एक मार्ग जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केलाय, ‘चान्सनकार्टं’ नावाचा. एक वर्षापर्यंत राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास कामही करता येतं. पण त्यासाठी आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं, जर्मनची ए१ (अगदी प्राथमिक) किंवा इंग्रजीची बी२ (बऱ्यापैकी वरची) पातळी लागते, आणि तिथे राहण्याचा खर्च झेपेल हे दाखवावं लागतं. हा टुरिस्ट व्हिसा नव्हे. आणि ‘भाषेशिवाय चालतं’ हा दावाही इथेच निकालात निघतो. सप्लाय बंद केला का, ‘चालू करू नका’चा टॅग कुणी लावला, हे साइटवर तोंडीच विचारतात. ते न समजणारा माणूस स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव घालवतो.

तुटवडा खरा आहे, हेही मान्य. ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी दोघांच्याही सरकारी याद्यांमध्ये इलेक्ट्रिशियन टंचाईच्या व्यवसायांत आहे. सोलर, हीट पंप, गाड्यांचं चार्जिंग, सगळ्यालाच माणसं हवी आहेत. पण टंचाई आहे ती तिथल्या नियमांनी सही करू शकणाऱ्या माणसांची. नुसत्या हातांची नाही.

राहिला एजंट. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ आहे, खासगी रोजगार संस्थांबद्दलचा. त्याचं सातवं कलम म्हणतं की अशा संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पूर्ण किंवा अंशतः, कसलीही फी घेऊ नये. काही प्रकारांत सूट देण्याची मुभा आहे आणि सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण योग्य काय हे त्यातून स्वच्छ कळतं: माणूस ज्याला हवा, खर्च त्याने करायचा. असे प्रामाणिक एजंट आहेत, मी पाहिलेत. ते ‘आजच पैसे भरा’ म्हणत नाहीत, आणि पासपोर्ट तर मुळीच ठेवून घेत नाहीत. ओळखपत्र काढून घेणं, फसवणूक आणि कर्जात अडकवणं ही तिन्ही त्याच संघटनेने वेठबिगारीची लक्षणं म्हणून नोंदवली आहेत.

भाच्याला मी सांगितलं, पैसे भरू नकोस. एजंटला लेखी विचार: कुठल्या देशात, कुठल्या कंपनीत, कुठल्या प्रकारच्या व्हिसावर, आणि परवाना कोण देणार. उत्तर आलं तर त्या यंत्रणेच्या स्वतःच्या वेबसाइटवर आपण मिळून पडताळू. तोवर आजपर्यंत जिथे जिथे काम केलंस तिथून अनुभवाचं पत्र घे. त्यात ‘चांगला कामगार आहे’ एवढंच नको. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, पॅनल केलं की मोटर कंट्रोल की घरगुती वायरिंग, टेस्टिंग कशाने केलं, हे सगळं हवं, खाली सही-शिक्का आणि पडताळणीला फोन नंबर. पगाराच्या पावत्या आणि कामाचे फोटो तारखेनिशी वेगळे ठेव. मालक धंदा बंद करून निघून गेला की हे कागद मागायला जागा उरत नाही, म्हणून याच आठवड्यात सुरुवात कर.