रोज स्क्रीनवर दिसतो म्हणून भेटायला जायचं नाही?

‘भेटीगाठींचा जमाना संपला’ असा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले दावे असे: मोबाइल-इंटरनेट आल्यापासून लोकांनी एकमेकांकडे जाणं सोडलं, नेटवरच्या मित्रासाठी कुणी घराबाहेर पडत नाही, आणि आजारी माणूस रोज व्हिडिओ कॉलवर दिसत असेल, तर त्याच्याकडे जाणं म्हणजे निव्वळ खर्च. मी दुर्लक्षच केलं असतं. पण तो मावशीपर्यंत पोचला आणि ती म्हणाली, “आता कशाला येतोस? रोज दिसतोसच की.”

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो घातक आहे. कॉलवर मावशी दिसते ती कपाळापासून हनुवटीपर्यंत. पायाची सूज, भिंत धरून चालणं, गोळ्यांची न फोडलेली स्ट्रिप यातलं काहीच दिसत नाही. आवाज ती खणखणीत काढते. फोन तिच्या हातात आहे, ती दाखवेल तेवढंच मला कळणार. ज्यांना कुणी येण्याची खरी गरज आहे, त्यांच्याच तोंडून हा मेसेज ‘येऊ नकोस’ वदवून घेतो, याची मला चीड आहे.

आता ‘जाणं सोडलं’बद्दल. समाजशास्त्रज्ञ बॅरी वेलमन आणि सहकाऱ्यांनी टोरंटोच्या ईस्ट यॉर्क भागातली १९७८ आणि २००५ सालची माहिती ताडून पाहिली. मधल्या काळात ईमेल आला, फोनवरचं बोलणं थोडं वाढलं. पण जवळच्या माणसांच्या प्रत्यक्ष भेटी जवळपास तितक्याच राहिल्या. तेव्हा स्मार्टफोन सर्रास नव्हते, हे कबूल. मग पुढचं बघा. २०२० मध्ये सगळं जग व्हिडिओ कॉलवर आलं. तो पुरेसा असता, तर निर्बंध उठल्यावर लोक घरीच बसले असते. आंतरराष्ट्रीय पर्यटकांच्या फेऱ्या २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी होत्या, २०२४ मध्ये पुन्हा १४० कोटींच्या घरात गेल्या. सगळेच काही नातलगांकडे निघाले नव्हते, पण मित्र-नातेवाइकांची भेट हे त्यातलं एक मोठं कारण असतंच.

नेटवरच्या मित्रांचं तर उलटंच आहे. शाळेचा जुना ग्रुप जमला की गेट-टुगेदरची तारीख निघते आणि तुटलेल्या ओळखीपायी माणसं शेकडो किलोमीटर जातात.

ऑफिसच्या मीटिंगा मात्र कॉलवर आल्या आणि त्यासाठीचे बरेच प्रवास वाचले, हे खरं. पण मीटिंगला विषयपत्रिका असते. मावशीकडे गेल्यावर काय निघेल, हे आधी तिलाही ठाऊक नसतं.