फेडरेशन काढा, कोर्टाचं टेन्शन सोडा

ग्रामपंचायत लढवायची तर डिपॉझिट, मतदार यादी, दाखले, वर हात जोडून दारोदार फिरणं, आणि एवढं करून पाच वर्षांनी परत तेच. कशाला करता ओ एवढी दगदग? त्यापेक्षा फुटबॉलची फेडरेशन काढा. आपल्या बेळगावात टिळकवाडीत काढा, कॅम्पात काढा, नाहीतर अनगोळला काढा. पोरं खेळतातच, मैदान आहेच, त्यांच्या डोक्यावर बसायला तेवढं कोणीतरी पाहिजे.

पहिलं काम म्हणजे पॅम्प्लेट. आपल्याकडच्या सेव्हन अ साइड टूर्नामेंटचं पॅम्प्लेट कधी शेवटपर्यंत वाचलंय का? वर नेत्याचा मोठ्ठा फोटो, मध्ये बक्षिसं, आणि एकदम खाली मुंगीएवढ्या अक्षरात तीन ओळी असतात: पंचांचा निर्णय अंतिम राहील, प्रोटेस्ट लेखी आणि फी भरूनच घेतला जाईल, नियमात बदल करण्याचा अधिकार कमिटीने राखून ठेवला आहे. झालं की, ह्या तीन ओळीत अख्खी फिफा, म्हणजे जगाच्या फुटबॉलची फेडरेशन, आली. फिफा म्हणजे काय सरकार नव्हे, स्वित्झर्लंडच्या सिव्हिल कोडाखालची एक असोसिएशन आहे, आपल्या गणपती मंडळासारखीच, फक्त मेंबर 211 (युनोचे 193च आहेत, बिचारे). आणि त्यांच्याही नियमात लिहिलंय की फुटबॉलचं भांडण साध्या कोर्टात न्यायचं नाही, न्यायचंच तर लोझानच्या क्रीडा लवादात न्यायचं. तुम्हीपण एक लवाद नेमा. लांबच्या गावात नेमा, म्हणजे तक्रारवाल्याला बसभाडं परवडणार नाही.

मग दुसऱ्या कोणाला टूर्नामेंट भरवू देऊ नका. परवानगी लागते म्हणायचं, पण परवानगी कशावर मिळते ते कुठंच लिहायचं नाही, ही खरी कला आहे. एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या 12 बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली, तर युएफा (युरोपच्या फुटबॉलची फेडरेशन) आणि फिफाने सरळ धमकी दिली की तिकडं खेळाल तर वर्ल्ड कप विसरा. दोनच दिवसात सहाच्या सहा इंग्लिश क्लब पळाले. (ती लीग श्रीमंतांची खाज होती, तिच्यासाठी मी काय रडणार नाही, पण मुद्दा तो नव्हे.) प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात गेलं आणि 21 डिसेंबर 2023 ला कोर्ट म्हणालं की स्पष्ट निकष न ठेवता परवानगी स्वतःच्या हातात ठेवणं हा सत्तेचा गैरवापर आहे. युएफाचं उत्तर पाठ करून ठेवा, कामाला येईल: हा निकाल जुन्या नियमावरचा आहे, आम्ही 2022 लाच नियम बदललाय. वा! असला माणूस आपल्या सोसायटीत सेक्रेटरी पाहिजे.

आता मेन गोष्ट, एनओसी. तुमच्या टीमचं पोरगं शहापूरच्या टीमकडनं खेळतो म्हणालं की एनओसी अडवायची, आणि वर शहापूरवाल्यांना सांगायचं की ह्याला घेतलात तर ह्याचा दंड तुम्हीपण भरायचा. क्रूर वाटतं? अहो, जागतिक नियम होता हा. लसाना डियारा म्हणून फ्रान्सचा मिडफिल्डर, 2014 ला लोकोमोटिव्ह मॉस्कोनं त्याचा करार तोडला, वर त्याच्यावरच 1 कोटी 5 लाख युरोची भरपाई बसली. बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण ह्याच्या भरपाईचा बोजा आपल्या गळ्यात पडणार नाही अशी लेखी हमी मागत बसला. हमी कोण देणार? गेलं ते काँट्रॅक्ट. पुढं डियारा केस जिंकला, हे नियम युरोपच्या कायद्यात बसत नाहीत असं कोर्टानं सांगितलं, तारीख 4 ऑक्टोबर 2024. तोवर त्याला रिटायर होऊन पाच वर्षं झालेली.

इथंच तुमच्या फेडरेशनचं सगळं गणित आहे, नीट ऐका. केस जिंकायची नसते, हळू हळू हरायची असते. तुमची खुर्ची वीस वर्षं टिकते आणि पोराचे पाय जेमतेम दहा-बारा. बेल्जियमचा खेळाडू बोस्मान, त्याचं बघा. 1990 ला त्याचा करार संपला, लिएजचा क्लब म्हणाला चौथाई पगारावर राहा, तो फ्रान्सला डंकर्ककडे जातो म्हणाला तर ट्रान्सफर फीसाठी अडवला. निकाल लागला 15 डिसेंबर 1995 ला. त्या निकालावर पुढच्या पिढीतले खेळाडू कोट्यधीश झाले आणि बोस्मानचं स्वतःचं करिअर पेपर गोळा करण्यात गेलं. बेल्जियमच्याच सेरांग क्लबला फिफाची शिक्षा झाली 2015 ला, आणि लोझानच्या त्या लवादाचा निकाल युरोपातल्या देशांच्या कोर्टांना तपासता आला पाहिजे हे लक्झेंबर्गवाले म्हणाले 1 ऑगस्ट 2025 ला. म्हणून गल्लीत कोणी धापा टाकत सांगायला आला, "साहेब, तो कोर्टात जाऊलालाय म्हणं ओ," तर घाबरायचं नाही, चहा सांगायचा.

आणि समजा आपल्याकडचंच कोर्ट आडवं आलं तर? त्याचीपण सोय आहे. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचे तेव्हाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, त्यांची मुदत डिसेंबर 2020 ला संपली. निवडणूक का नाही, तर फेडरेशनच्या घटनेची केस सुप्रीम कोर्टात पेंडिंग आहे. बघा, कोर्टाची दिरंगाई खुर्चीखाली गादी म्हणून कशी वापरायची! शेवटी मे 2022 मध्ये कोर्टानं सगळी कमिटी बाजूला केली आणि तीन प्रशासक नेमले, तर ऑगस्टच्या मध्यावर, इकडं आपण झेंडावंदन करून जिलेबी खातोय तोवर, फिफानं भारतीय फेडरेशनच सस्पेंड केली. कारण काय, तर तिऱ्हाइताचा हस्तक्षेप. देशाचं सुप्रीम कोर्ट तिऱ्हाईत! गोकुलम केरळच्या पोरी आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, त्या हॉटेलात बसून राहिल्या आणि न खेळता परत आल्या. पोरींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपचं यजमानपद ऑक्टोबरचं, तेही टांगणीला. मग 22 ऑगस्टला कोर्टानं प्रशासक मागं घेतले आणि 26 ला, गणपती बसायच्या आत, बंदी उठली. ती घटना मात्र सप्टेंबर 2025 ला कुठं मंजूर झाली, 2017 ला हायकोर्टानं निवडणूक रद्द केल्यापासनं मोजा. तर ताश्कंदच्या हॉटेलातल्या पोरींसारखं कोणीतरी बळीला तयार ठेवत जा, लोक फेडरेशनला शिव्या देत नाहीत, कोर्टात गेलेल्याला देतात.

खरं सांगू, हे वाचताना माझ्या डोक्यात भलतंच आलं. आपल्या सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासनं त्याच सुप्रीम कोर्टात आहे. दर 1 नोव्हेंबरला काळा दिन, दर अधिवेशनाला तीच कुस्ती, दर निवडणुकीला दोन्हीकडच्या नेत्यांना आपली आठवण, आणि केस आहे तिथंच. आणि फिफाचं झुरिचहून आलेलं एक पत्र आठवड्याभरात त्याच कोर्टाला आपलाच आदेश मागं घ्यायला लावतंय. म्हणजे आपण इतकी वर्षं चुकीच्या ऑफिसात अर्ज देत बसलोय. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू सोडा, बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीला सरळ फिफाचं ॲफिलिएशन मागा. 211 आहेत, 212 वा आपण.

तोवर तुमची फेडरेशन चालू राहू दे. एंट्री फी कॅश घ्या, पावती शिक्क्याची द्या, आणि प्रोटेस्ट फी एंट्री फीच्या दुप्पट ठेवा.