ठाण्यातली खोकी आणि ईबेवरचे आकडे: ऑर्नमेंटच्या किमतीविषयीच्या एका संदेशाला उत्तर

नाताळ जवळ आला की ठाण्यातल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश फिरू लागतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली किंवा तिकडून परतताना सोबत आणलेली नाताळाच्या झाडाची जुनी ऑर्नमेंट्स म्हणजे माळ्यावर पडून राहिलेला खजिना आहे, असा त्याचा आशय असतो. त्यात पुढे सांगितलेले असते की ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या मंचावर नाव टाकले की किंमत कळते, माल जितका जुना तितका महाग, वर्ष छापलेला नग दुर्मीळच असतो, ‘सिल्व्हर’ लिहिले असेल तर चांदीचा भाव मिळतोच, मूळ डब्यामुळे किंमत दुप्पट होते आणि मोल दरवर्षी वाढत असल्याने विकण्याची घाई करू नये. हे दावे एकेक करून तपासले पाहिजेत, कारण त्यांच्या आधारे काही घरांत वाटणीचे हिशेबही मांडले जाऊ लागले आहेत.

सर्वांत मोठी गफलत पहिल्या दाव्यात आहे. ईबेवर शोध घेतल्यावर प्रथम दिसतो तो विक्रेत्याने मागितलेला आकडा, आणि तो कितीही मोठा लिहिण्यास कुणाची हरकत नसते. घोडबंदर रस्त्यावरच्या फ्लॅटची जाहिरातीतली किंमत आणि दस्तात नोंदवलेली किंमत यांत जो फरक असतो, तोच येथेही असतो. प्रत्यक्ष व्यवहार पाहायचे असतील तर शोधाच्या पर्यायांत ‘सोल्ड आयटम्स’ निवडावे लागते. त्यात साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या विक्री दिसतात. तेथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. एखाद्या किमतीवर काट मारलेली असेल तर तो नग घासाघीस होऊन त्याहून कमी रकमेला गेला आहे, असे समजावे. नग त्याच वर्षाचा, त्याच घडणीचा आणि तशाच अवस्थेतला आहे ना, हेही छायाचित्रांवरून जुळवून पाहावे. उदाहरणादाखल समजा, की एकाच नगाच्या पाच विक्री 11, 12, 14, 15 आणि 70 डॉलरला झाल्या आहेत. त्यांची सरासरी 24 डॉलरच्या वर जाते. पण 70 डॉलरचा व्यवहार हा एखाद्या हट्टी संग्राहकाचा असू शकतो, म्हणून चढत्या क्रमातला मधला आकडा, म्हणजे 14 डॉलर, हाच धरणे शहाणपणाचे ठरते.

जुने म्हणजे महाग, हा दावा काचेच्या गोळ्यांच्या बाबतीत विशेषच फसवा आहे. जर्मनीतल्या लाउशा गावात हे गोळे फुंकून बनवले जात. पण 1939-40 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे बनवण्याचे यंत्र याच कामाला लावले, आणि ‘शायनी ब्राइट’ नावाचे गोळे अफाट संख्येने बाजारात आले. त्यामुळे ऐंशी वर्षांचा साधा गोळाही स्वस्त असू शकतो. वेगळे मोल मिळते ते विशिष्ट खुणांना. युद्धकाळात धातूची टंचाई असल्याने गोळ्यांना कागदी टोप्या बसवल्या गेल्या आणि आतला चांदीसारखा मुलामाही वगळला गेला. असे नग संग्राहक आवर्जून शोधतात. ‘वेस्ट जर्मनी’ हा शिक्का 1949 ते 1990 या काळाकडे बोट दाखवतो, म्हणजे तो पणजोबांच्या काळातला नसतो. जाड काचेचे, पितळी टोपीचे ‘कूगेल’ नावाचे जुने जर्मन गोळे खरोखर मौल्यवान असतात. मात्र त्यांच्या नकला भारतातच बनून परदेशी जात आल्या आहेत, तेव्हा ठाण्यातल्या घरात असा गोळा सापडला तर आधी संशयच घ्यावा.

वर्ष छापले म्हणजे दुर्मीळ, हेही खरे नाही. शुभेच्छापत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हॉलमार्क या अमेरिकी कंपनीने 1973 मध्ये 18 नमुन्यांनी ‘कीपसेक’ ऑर्नमेंट्स सुरू केली, आणि पुढे ती घरोघरी साठवली जातील इतकी विकली गेली. अशा मालिकांत बहुधा पहिल्या नगाला मागणी असते: हॉलमार्कच्याच ‘फ्रॉस्टी फ्रेंड्स’ मालिकेचा 1980 चा नग वेगळा, नंतरचे बहुतेक वेगळे. व्हाइट हाउस हिस्टॉरिकल असोसिएशन 1981 पासून दरवर्षी एक ऑर्नमेंट काढते, पण मागच्या वर्षांचे नगही तीच संस्था विकत असते. मग नवा नग ज्या भावाने मिळतो त्याहून अधिक पैसे जुन्याला कोण देईल?

चांदीविषयी थोडक्यात सांगता येते. वॉलेस कंपनीची 1971 पासूनची वार्षिक घंटा चांदीचा मुलामा दिलेली आहे, तर गोरहॅम कंपनीचे 1970 पासूनचे हिमकणाच्या आकाराचे नग ‘स्टर्लिंग’, म्हणजे 92.5 टक्के चांदीचे आहेत. ‘स्टर्लिंग’ हा शिक्का असेल तर जवळच्या सराफाकडे वजन व कस पाहून घ्यावा. घट वजा जाऊन जी रक्कम येईल ती त्या नगाची किमान किंमत समजावी. मुलाम्याच्या घंटेला सराफ हात लावणार नाही.

डब्याबाबत संदेशाने हिशेबच उलटा मांडला आहे. संग्राहकांच्या व्यवहारात पूर्ण किंमत ही डब्यासकट नगाची असते. डबा नसेल किंवा फाटलेला असेल तर त्यातून वजावट होते. ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या पुठ्ठ्याला बुरशी लागते, टोप्या गंजतात, गोळ्यातला मुलामा काळवंडतो. हे सारे छायाचित्रात दिसते आणि दिसलेही पाहिजे. दिवा असलेल्या नगांची अडचण आणखी निराळी आहे. हॉलमार्कच्या 1991 च्या ‘स्टारशिप एंटरप्राइज’ या अंतराळयानासारखी ऑर्नमेंट्स अमेरिकी दिव्यांच्या माळेत खोचून पेटतात. ती माळ 120 व्होल्टची असते, आपल्याकडचा पुरवठा 230 व्होल्टचा. म्हणून योग्य ट्रान्सफॉर्मर आणि तशी माळ नसेल तर ‘तपासलेले नाही’ असेच लिहावे लागते आणि त्या मानाने भाव उतरतो.

आता ज्या गोष्टीचा संदेशात उल्लेखच नाही ती पाहू: ग्राहक अमेरिकेत आहे आणि वस्तू ठाण्यात. भारतातली ईबेची सेवा 2018 मध्येच बंद झाली. भारतातून परदेशी ग्राहकाला विकता येते. पण त्या मंचाचे शुल्क ग्राहकाने भरलेल्या टपालखर्चासकट एकूण रकमेवर लागते, काचेसाठी दुहेरी खोके लागते, आणि 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून थांबवली आहे. त्या वेळी आपल्या डाक विभागाने तिकडच्या बहुतेक पार्सलांची नोंदणीही काही काळ थांबवली होती. वरच्या उदाहरणातल्या 14 डॉलरमधून हे सगळे वजा केल्यावर हाती काही उरेल, अशी आशा मला तरी वाटत नाही. एकटा नग पाठवणे परवडते ते त्याची सिद्ध झालेली विक्रीकिंमत या खर्चाच्या कितीतरी पट असेल तेव्हाच. बाकीचे नग तिकडे जाणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून पाठवून तेथेच एकगठ्ठा विकावेत, किंवा येथे सजावटीची वस्तू म्हणून द्यावेत. येथे मात्र तुलना ठाणे स्टेशनाजवळच्या दुकानांतल्या नव्या मालाशी होते, डॉलरशी नाही.

‘थांबा, किंमत वाढेल’ या सल्ल्यामागे मालाचा पुरवठा कायम तेवढाच राहील, असे गृहीत आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस हौसेने साठवणारी अमेरिकी पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि त्यांचे संग्रह एकगठ्ठा बाजारात येतात. त्यातच येथल्या प्रत्येक पावसाळ्यात नगाची अवस्था थोडी खालावते. विकायचेच असेल तर ऑक्टोबरात ईबेवर विक्रीसाठी नोंद करावी, कारण डिसेंबरच्या मध्यानंतर ठाण्याहून निघालेले पार्सल त्या वर्षीच्या झाडाला उपयोगी पडत नाही.